मंगळवारच्या तीन जादा गाड्या

ब्रॅम्बलगेट ही परदेशी कंपनी तरणार की बुडणार, याविषयी भोर शहरात एकाच माणसाचे काही मत होते, आणि त्या मताला त्याने टक्केवारी लावलेली होती.

हनुमंत शिळीमकर तिथल्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवीत असे. वय एक्केचाळीस. व्हिडिओ गेम तो स्वतः क्वचितच खेळे. त्याला रस होता तो गेम काढणाऱ्या कंपन्या पुढे काय बोलतील यात. दर मे महिन्यात पूर्वेकडच्या एका देशात या कंपन्यांचे मोठे व्यापारी प्रदर्शन भरे आणि एकेक कंपनी मंचावर उभी राहून आपले नवे गेम जाहीर करी. त्याच्या दहा दिवस आधी हनुमंत आपल्या संकेतस्थळावर एक यादी लावी: अमुक कंपनी अमुक गोष्ट जाहीर करील, शक्यता शेकडा इतकी. लावलेली यादी तो बदलत नसे. प्रदर्शन संपले की प्रत्येक विधानापुढे खरे की खोटे एवढेच लिहून टाकी. सहा वर्षांचा अनुभव असा, की ज्या विधानांना त्याने सत्तर टक्के दिले होते त्यांतली दहांपैकी सात खरी ठरली होती. दहाच्या दहा खरी ठरली असती तर त्याला आनंद झाला नसता. आकडा चुकला, असेच तो म्हणाला असता.

गुंजवण्याच्या घरी त्याची आई रतनबाई या उद्योगाला भाकणूक म्हणत असे. चैत्रातल्या जत्रेत देवाचा भक्त ओट्यावर उभा राहून वर्षाचे भविष्य सांगतो, तसलेच काहीतरी आपला लेक मोबाईलवर सांगतो, अशी तिची समजूत. हनुमंताला हे नाव मान्य नव्हते. जत्रेतली भाकणूक ‘उत्तरेला मेघ डोलेल, धान्य मध्यम, खुर्चीला कळ’ अशा थाटाची असते. ती खोटी कशी ठरेल हेच कुणाला सांगता येत नाही, आणि ज्याला खोटे ठरण्याची सोय नाही ते विधानच नव्हे, हे त्याने आईला एकदा नीट समजावून दिले होते. रतनबाईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हंजी देवाचा मानूस तुज्यापरीस शाना.”

यंदाच्या यादीतले पहिलेच विधान ब्रॅम्बलगेटविषयी होते. नऊ वर्षांपूर्वी ‘नाइन लँटर्न्स’ नावाच्या एका गेमने ही कंपनी उभी राहिली; त्यानंतरचे दोन गेम आपटले, आणि सगळ्यांना हवा असलेला ‘लँटर्न्स’चा दुसरा भाग चार वेळा पुढे ढकलला गेला. आता या प्रदर्शनात तो तारखेसह जाहीर झाला तर कंपनी जगेल, नाहीतर नाही, असे जाणकार म्हणत होते. हनुमंताने चार खुणा जमवल्या होत्या. कुठला गेम कोणत्या वयासाठी योग्य ते ठरवणाऱ्या परदेशातल्या एका वयोगट-मंडळाच्या नोंदीत नवे नाव दिसले होते. नव्या संकेतस्थळासाठी एक पत्ता घेतला गेला होता. जुन्या गेमच्या संगीतकाराने हिवाळ्यातले कार्यक्रम रद्द केले होते. आणि पुण्यातल्या कार्यालयाच्या नोकरभरतीच्या जाहिराती जानेवारीपासून बंद होत्या. याचा अर्थ माणसे पुरेशी झाली, काम शेवटाला आले. चारही खुणा जमेस धरून त्याने लिहिले होते: शेकडा चौसष्ट.

त्याच पुण्यातल्या कार्यालयात त्याची धाकटी बहीण शेफाली चार वर्षे काम करीत होती. शहराच्या दक्षिण टोकाला सव्वादोनशे माणसे दिवसभर आणि रात्री अकरापर्यंत एकच गेम पुन्हा पुन्हा खेळत आणि त्यातल्या चुका शोधत. भिंतीवर धावून बघायचे, पाण्यात उडी मारून बघायची, जिथे कुणीही जाणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन बसायचे, आणि गेम कुठे उसवतो ते लिहून द्यायचे. शेफालीने गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. म्हणून तिला कामाविषयी एक शब्द विचारायचा नाही, हा हनुमंताचा नियम. या नियमाचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान फारसा लपतही नसे.

त्यामुळे प्रदर्शनाच्या आधीच्या बुधवारी ती भोरला त्याच्या घरी आली आणि समोर बसून म्हणाली, “दादा, तुझ्या यादीत नाही ते विचारायचंय,” तेव्हा तो थोडा अवघडला.

प्रश्न साधा होता. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. काम कंटाळवाणे, पण टिकाऊ. शुक्रवारी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचे होते. आणि प्रदर्शन होते मंगळवारी. आपले कार्यालय राहणार असेल तर तिला ते सोडायचे नव्हते. गेम पुरा झाला की शेवटी काम करणाऱ्यांची नावे पडद्यावर वर सरकत जातात. चार वर्षे ती त्या एका ओळीसाठी थांबली होती. बाबांना ती ओळ दाखवायची, असे तिने ठरवून ठेवले होते. आता दुसरीकडे गेली आणि गेम आला, तर तिचे नाव नाही. थांबली आणि कार्यालयच गेले, तर दोन्हीही नाही.

हनुमंताने एक दिवस मागून घेतला. कार्यालयाचे भवितव्य त्याच्या यादीत नव्हते, कारण ते मंचावरून कुणी जाहीर करणार नव्हते. पण दुसरा भाग जाहीर झाला तर तो घडवणारे हात कंपनी त्याच दिवशी कशाला तोडील, असा त्याने विचार केला. म्हणजे दोन्ही प्रश्न एकच. उरला तो आकडा.

गुरुवारी तो नसरापूरला एका कामासाठी गेला होता. फाट्यावर सर्जेराव भेटला. ब्रॅम्बलगेटच्या माणसांना नेण्या-आणण्याचे काम त्याच्याकडे होते: सतरा आसनांच्या दोन गाड्या, सकाळची पाळी आणि दुपारची पाळी. शेफाली तिच्या सोनिया नावाच्या मैत्रिणीबरोबर नसरापुरात खोली घेऊन राहत होती ती याच गाड्यांच्या सोयीने.

“सर, तुमच्या ताईंच्या हापिसात मंगळवारी जत्रा हाय म्हना की,” सर्जेराव म्हणाला.

हनुमंताने विचारपूस केली. मंगळवारसाठी तीन जादा गाड्या सांगितल्या होत्या. सर्जेरावाने दोन मार्गासनीहून आणि एक कापूरहोळहून ठरवली होती. साडेचारला पाचही गाड्या दारात उभ्या पाहिजेत, एकही मिनिट उशीर नको, असे वरून दोनदा बजावले होते. सर्जेराव गाड्यांना झेंडूच्या माळा लावणार होता. कंपनीने तसे सांगितले नव्हते, पण एवढ्या गाड्या बोडक्या नेणे त्याला बरे वाटेना.

हनुमंताने त्याला दोनच प्रश्न विचारले: किती गाड्या आणि किती वाजता. दोन्ही उत्तरे नेमकी मिळाली आणि त्याचे समाधान झाले. या खोऱ्यात कुणी एकदम पाच गाड्या सांगितल्या, तर त्याच्या घरी लग्न असते किंवा गावाची जत्रा असते. तिसरे कारण त्याने कधी पाहिले नव्हते. हे ज्ञान त्याने कुठल्या पुस्तकातून घेतलेले नव्हते, लहानपणापासून ते त्याच्याजवळ होते. म्हणूनच ते तपासून पाहावे असे त्याच्या मनात आले नाही. प्रदर्शनातली घोषणा आपल्याकडच्या साडेतीन वाजता होती. दोन्ही पाळ्यांना एकत्र बसवून ती दाखवणार, मग खाणेपिणे, मग सगळ्यांना घरपोच. यादी बदलायची नव्हती. मनातला आकडा बदलायला मात्र मनाई नव्हती.

संध्याकाळी त्याने शेफालीला फोन केला.

“ऐंशी,” तो म्हणाला.

“म्हणजे हो?”

“म्हणजे पाचांत चार वेळा हो.”

“आणि पाचवा?”

“पाचवा नेहमीच असतो.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी. शुक्रवारी चार वाजता तिने दुसऱ्या कंपनीला नम्रपणे नकार कळवला, आणि तसा संदेश भावालाही पाठवला.

रविवारी हनुमंत गुंजवण्याला गेला. त्याचे वडील गेनबा भाताच्या रोपांसाठी राब भाजत होते. वाळलेला पाला, शेण आणि गवत यांचा थर वाफ्यावर पसरून ते वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवत चालले होते. धूर खाली खाली सरकत होता. राजगडाची माची त्यात अर्धी बुडाली होती. धरणाचे पाणी या दिवसांत इतके मागे हटते, की चिखलातून जुन्या वस्तीच्या घरांची जोती वर येतात. त्यांतले एक शिळीमकरांचे. त्या बाजूला घरातले कुणी सहसा पाहत नसे, आणि कुणी पाहिले तरी त्याविषयी बोलत नसे.

हनुमंताने वडिलांना मंगळवारची हकीकत सांगितली. आपल्या अनुमानाची हकीकत सांगताना माणूस जितका खुलतो तितका तो खुलला होता. मोठा पडदा, सव्वादोनशे माणसे, पाच गाड्या, झेंडूच्या माळा. गेनबा दंताळ्याने आग सारखी करीत ऐकत होते. त्यांना त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटले, की शेफाली बुधवारी मोकळी असेल तर तिने घरी यावे; रतनबाई तिची वाट बघत होती.

“बुधवारी तिला न्यायला गाडी हाय का न्हाई?” त्यांनी विचारले.

हनुमंताला ते माहीत नव्हते.

“आन ह्या पाच गाड्या न्हेनार का सोडनार?”

“सोडणार. साडेचारला.”

“आन सकाळी न्हेनार कोन?”

“नेहमीच्या दोन असतील.”

गेनबांनी दंताळे थांबवले. “धरनापायी खालनं हलवलं तवा ट्रक आलं व्हतं,” ते म्हणाले. “लई आलं. पोरास्नी वाटलं जत्रंला निघालो. तू बी नाचत व्हतास. म्या डायवरला इचारलं, बाबा, माघारी कवा? त्यो म्हनला, माघारीचं मला कुनी सांगितलं न्हाई.”

मग ते पुन्हा कामाला लागले. वडिलांनी काही सुचवले नव्हते, नुसती आठवण सांगितली होती. हनुमंत मात्र तसाच उभा राहिला. धूर अंगावर आला तरी तो हलला नाही. मग मोबाईलला जिथे रेंज मिळते त्या उंच बांधावर चढून त्याने सर्जेरावाला फोन लावला, आणि गुरुवारी न विचारलेले दोन प्रश्न विचारले.

मंगळवारची रात्री अकराची फेरी रद्द होती. बुधवारची एकही फेरी सांगितलेली नव्हती. “नंतर कळवू म्हनलेत,” सर्जेराव म्हणाला. “जत्रंच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी देत असतील की, सर. ह्यात काय एवढं?”

बांधावर उभे राहून हनुमंताने तो सगळा सारीपाट पुन्हा मांडला. सव्वादोनशेंपैकी गाड्यांनी येणाऱ्यांना आणायला रोज दोनच गाड्या पुरतात, कारण पाळ्या दोन आहेत. पाच गाड्या लागतात त्या सगळ्यांना एकाच वेळी बाहेर काढायचे असेल तरच. दर जुलैत तो पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगत असे: एखादी खूण आपल्या अंदाजाशी जुळली म्हणून खूश होऊ नका, उलट अंदाजाशी ती किती जुळते ते आधी पाहा. त्याने पाहिले. भरतीच्या जाहिराती बंद: माणसे पुरेशी झाली म्हणून, किंवा उरलेलीही नको आहेत म्हणून. वयोगट-मंडळाकडे नोंद: गेम तयार आहे. आणि गेम तयार असेल, तर चुका शोधणाऱ्यांचे काम काय? घोषणा झाली तर कार्यालय जगेल, हे त्याने गृहीत धरले होते. मुळात घोषणा होणे आणि कार्यालय बंद होणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतच नव्हत्या. गेम जाहीर होण्याचा दिवस हाच ही माणसे नको होण्याचा दिवस होता. हे कळायला मात्र उशीर झाला होता: शुक्रवार उलटून गेला होता.

शेफालीचे कार्यालय त्या रविवारीही चालू होते, आणि आत मोबाईल नेऊ देत नसत. तिचा आवाज ऐकू आला तोवर संध्याकाळचे सात वाजले होते. त्याने सगळे क्रमाने सांगितले, काहीही न गाळता, आपली चूक धरून.

“किती?” तिने विचारले.

“ऐंशी. उलट बाजूने.”

“गुरुवारचा पण ऐंशीच होता, दादा.”

तिने पुढे विचारले, की इथल्या बाकीच्यांना सांगू का. अफवा पसरवली म्हणून तिला सोमवारीच काढले असते, आणि अंदाज चुकलेला असता तर ती एकटीच गेली असती. हनुमंताने याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी आकडा येऊ लागला तेव्हा तिनेच त्याला थांबवले. शेवटी तिने फक्त सोनियाला सांगितले. सोनियाने विश्वास ठेवला नाही. तिला त्या दिवशी सकाळीच नव्या टी-शर्टचे माप विचारून गेले होते.

रात्री शेफालीने रुग्णालयवाल्या कंपनीला पत्र लिहिले, की आपला निर्णय बदलला आहे. सोमवारी अकराला दोन ओळींचे उत्तर आले. जागा शनिवारी भरली होती. पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या.

मंगळवारी साडेतीनला हनुमंत भोरच्या घरी पडद्यासमोर बसला. उन्हाने रस्ता ओस पडला होता. ब्रॅम्बलगेटची पाळी दहा मिनिटांनी आली. अंधार झाला, एकेक करीत नऊ कंदील पेटले आणि खाली तारीख उमटली: चौदा नोव्हेंबर. सभागृहातली माणसे उभी राहून ओरडू लागली. कंपनीचा प्रमुख पुढे आला; जगभरातल्या आपल्या सहकाऱ्यांचे त्याने आभार मानले, आणि त्याच्या मागे शहरांची नावे आली. चार नावे. हनुमंताने ती वाचली, थांबवून पुन्हा वाचली. पुण्याचे नाव त्यात नव्हते.

त्याच्या यादीतले पहिले विधान खरे ठरले होते. दुसरे ठरले, चौथेही. वाचकांचे संदेश येऊ लागले: अभिनंदन, हे तुम्हाला जमते तरी कसे. त्याने पडदा बंद केला, मोटारसायकल काढली आणि नसरापूरचा रस्ता धरला.

गाड्या फाट्यावर आल्या तेव्हा सहा वाजत होते. पाचांतल्या दोन गाड्या या बाजूच्या. दोन्हींच्या नाकावर झेंडूच्या माळा, उन्हाने काळवंडलेल्या. माणसे उतरली ती सगळी एकसारखी: काळा टी-शर्ट, छातीवर नऊ कंदील. ते टी-शर्ट साडेतीनला वाटण्यात आले होते. चारला एका खोलीत बसवले, ओळखपत्रे गोळा केली, एक कागद वाचून दाखवला. साडेचारला गाड्या दारात होत्या, एकही मिनिट उशीर न होता. शेफालीने हे त्याला पाच-सहा वाक्यांत सांगितले, कुणा दुसऱ्याचे सांगावे तसे.

“आणि नाव?” त्याने विचारले. विचारायला नको होते.

“गेम बाजारात येईल त्या दिवशी जे कामावर असतील त्यांचीच नावं येतात. कागदात लिहिलंय.”

तोवर सोनियाने त्याला ओळखले होते. ती जवळ आली, तिच्या मागोमाग आणखी सात-आठ जण. त्यांनी यादी पाहिली होती. गाडीतच पाहिली होती. तारखेसकट बरोबर आली म्हणत होते. आता दुसरीकडे कुठे भरती निघेल, कोणती कंपनी टिकेल, हिंजवडीकडे जावे की बंगळूरला, सरांनी एवढे सांगावे. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याहून वाईट असे काही होते, विश्वास होता. हनुमंत म्हणाला, की त्याला माहीत नाही. कुणालाच ते खरे वाटले नाही. सोनिया म्हणाली, बहिणीला तर सांगितलं होतंत की, सर.

“त्याला विचारू नका,” शेफाली म्हणाली. “तो बरोबर सांगतो.”

वेल्ह्याची एसटी फाट्यावर येऊन उभी होती. मार्गासनीला उतरून पुढे मिळेल त्या गाडीने ती घरी जाणार होती. मागे बस, मी सोडतो, असे तो म्हणाला. नको म्हणून ती एसटीत चढली. खिडकीशी बसल्यावर तिने टी-शर्टावर ओढणी घेतली. एसटी वळली, तरी तिने फाट्याकडे पाहिले नाही.

लोक पांगले. सर्जेराव आपल्या गाडीच्या माळा सोडत होता. दिवसभरात त्याला काय कळले होते आणि काय कळून घ्यायचे नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवणे अवघड होते. त्याने माळ गुंडाळून सीटवर ठेवली, मोबाईल उघडून पाहिला आणि पुन्हा खिशात टाकला.

“साहेब लोक तर असतीलच की आत,” तो म्हणाला. “त्यास्नी तर आनायला लागंल. उद्या न्हाई तर परवा फोन येईल. तुमाला काय वाटतं, सर?”

त्या आठवड्यात हनुमंताला विचारलेला हा एकच प्रश्न असा होता, की ज्याचे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते आणि ते देताना आकड्याची गरज नव्हती. सर्जेराव त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता. हनुमंताने हातातल्या किल्लीकडे पाहिले, मग रिकाम्या गाड्यांकडे, आणि उद्या दुपारपर्यंत वाट बघा, असे म्हणाला.